काचबिंदूसह सव्वीस वर्षे

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर झालेल्या स्नेहमेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा हा लिखित भाग. वक्त्यांच्या इच्छेवरून त्यांचे नाव दिलेले नाही.)



या व्यासपीठावर येताना सौभाग्यवतींनी माझा हात धरला होता, हे आपण पाहिलेच असेल. तीन पायऱ्या आहेत. मला तुमचे चेहरे दिसतात. समोरच्या भिंतीवरील घड्याळातले काटेही दिसतात. दिसत नाहीत त्या पायऱ्या. माझ्या नजरेचा खालचा आणि डावीकडचा भाग गेलेला आहे. त्यामुळे "इतके दूरचे दिसते, मग पायाखालचे कसे दिसत नाही?" हा प्रश्न गेली सव्वीस वर्षे मी ऐकत आलो आहे. विचारणाऱ्यांचा त्यात दोष नाही. मलाही तो प्रश्न सुरुवातीला पडला होता.

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक विद्यालयात गणित शिकवीत असे. डॉक्टरांनी मला बोलण्यास सांगितले तेव्हा मी म्हटले की आजाराविषयी आपणच बोलावे, ते आपले क्षेत्र. त्यावर ते म्हणाले, "आजाराचे आम्ही बोलतोच, त्याचे घरी काय होते ते आम्हाला ठाऊक नसते." म्हणून शास्त्र थोडके सांगतो आणि घरचे अधिक सांगतो.

प्रथम नावाचा घोटाळा. मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दोन नावे इतकी सारखी आहेत की आपल्याकडे ती भावंडेच समजली जातात. प्रत्यक्षात त्यांचे नाते नाही. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसविले की दृष्टी परत येते. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच हळूहळू मरत जाते. या नसेत सुमारे दहा ते बारा लाख तंतू असतात. डोळ्याच्या आत एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो आणि एका बारीक चाळणीतून बाहेर पडतो. ती चाळणी नीट वाहिनाशी झाली की आतला दाब वाढतो, आणि तो नसेच्या तंतूंना सोसत नाही. निरोगी डोळ्यात हा दाब साधारणपणे १० ते २१ च्या दरम्यान असतो. काहींची नस त्याही दाबाला टिकत नाही, म्हणून केवळ दाब मोजून निर्धास्त होता येत नाही. नस पाहावी लागते. गेलेला तंतू परत येत नाही. उरलेले तंतू सांभाळणे एवढेच आजच्या वैद्यकाच्या हाती आहे. डोळा एकाएकी लाल होऊन असह्य दुखतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, असाही काचबिंदूचा एक प्रकार आहे आणि त्यात तासांचाही विलंब चालत नाही. परंतु माझा तो नव्हे. माझा दुखत नाही, खुपत नाही, लाल होत नाही. बहुसंख्यांचा तसाच असतो, आणि त्यामुळेच तो फसवतो.

सन १९९९ च्या मार्च महिन्यात मी शालान्त परीक्षेचे पेपर तपासत होतो. वीस वर्षे तपासत आलो होतो. बेरजेत माझी चूक काढणारा नियामक मला भेटलेला नव्हता. त्या वर्षी सहा उत्तरपत्रिका परत आल्या. पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात उतरलेली छोटी उत्तरे तपासायची राहिली होती. मुलांचे गुण नियामकांनी दुरुस्त केले, कोणाचे नुकसान झाले नाही. पण त्या रात्री मला झोप आली नाही. वाटले, वय झाले, मन लागत नाही. वर्गातही डाव्या रांगेतील पहिल्या बाकावरची मुले "सर आमच्याकडे बघतच नाहीत" असे म्हणू लागली होती. घरी पाण्याचा तांब्या कलंडे. सौभाग्यवती म्हणत, "तुमचे लक्ष कुठे असते?" मी तिला उलट बोलत असे. डोळ्यांचा संशय तिलाही आला नाही आणि मलाही नाही, कारण वर्तमानपत्रातील बारीक अक्षर मला स्वच्छ वाचता येत होते. चष्मा तीन वेळा बदलला होता. चष्म्याचा नंबर काढून घेतला म्हणजे डोळे तपासले, अशी माझी समजूत होती. आजही अनेकांची ती आहे.

जूनमध्ये या रुग्णालयात आलो तो चौथा चष्मा करण्यासाठी. डॉक्टरांनी डोळ्यात औषध घालून, बाहुली मोठी करून, आत बराच वेळ पाहिले. मग दृष्टीच्या पटलाची तपासणी करण्यास सांगितले. ज्यांनी ती केली आहे त्यांना ठाऊक आहे. एका पांढऱ्या अर्धगोलासमोर हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही, आणि आजूबाजूला प्रकाशाचा ठिपका उमटला की हातातील कळ दाबायची. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या. ही परीक्षा मी मोठ्या दक्षतेने दिली. मध्ये मध्ये बराच वेळ काहीच उमटत नव्हते. मला वाटले यंत्र अडकले. मी तंत्रज्ञ भगिनींना तसे म्हणालोही. त्या काही बोलल्या नाहीत.

नंतर डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. ते म्हणाले, "निरोगी माणसालाही सगळे ठिपके दिसत नाहीत, आम्ही ते मुद्दाम मंद करीत नेतो. पण गुरुजी, इथे खाली डावीकडे सर्वांत ठळक ठिपका दाखविला तरी आपण कळ दाबलेली नाही." त्या कागदावर जिथे काळे होते, तिथे मला रोजच्या जगण्यात काळे कधीच दिसले नव्हते. चित्रांतून काचबिंदू दाखविताना भोवती काळा बोगदा रंगवितात. मी तसा बोगदा आजतागायत पाहिलेला नाही. जो भाग दिसत नाही तो मेंदू शेजारच्या रंगाने भरून काढतो. जमीन असेल तर जमीन, भिंत असेल तर भिंत. तांब्या तिथे नसतोच. जमिनीचा तुकडा असतो, आणि त्या जमिनीवर हात फिरला की तांब्या कलंडतो.

त्या दिवशी माझा डाव्या डोळ्याचा दाब ३२ होता, उजव्याचा २६. सकाळ-संध्याकाळ दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, आणि तो जन्मभर. मी विचारले, "किती दिवसांत फरक पडेल?" डॉक्टर म्हणाले, "फरक पडणार नाही. फरक पडू नये म्हणून हे औषध आहे." मी गणिताचा माणूस, मला विधान कळले. पचायला काही वर्षे लागली.

माझ्या वडिलांना अखेरच्या सात-आठ वर्षांत दिसत नव्हते. "म्हातारपण, डोळे गेले," एवढेच घरात बोलले जाई. गावातील जाणती मंडळी सांगत, "मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग काढू." तो पिकला नाही, कारण बहुधा तो मोतीबिंदू नव्हताच. आई त्यांना काठीचे एक टोक धरून ओढ्यापर्यंत नेत असे. डॉक्टरांनी कुटुंबाची चौकशी केली तेव्हा मला ती काठी आठवली. ते म्हणाले, "आपल्या भावंडांना आणि मुलांना तपासणीस आणा." या आजारात सख्ख्या नात्यातील धोका फार वाढतो. हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात झालेला एक अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. काचबिंदूच्या रुग्णांच्या भावंडांना आणि मुलांना आयुष्यात हा आजार होण्याची शक्यता सुमारे २२ टक्के, तर ज्यांच्या घरात आजार नाही अशांच्या नातेवाइकांना ती दोन ते तीन टक्के, असे त्यात आढळले. हे आकडे मला पुढे कळले. पण "भावाला आणा" हे वाक्य मला १९९९ च्या जून महिन्यातच स्पष्ट सांगितलेले होते. मी आणले नाही.

याचे कारण मी आज प्रथमच जाहीरपणे सांगतो आहे. माझी मुलगी तेव्हा अठरा वर्षांची होती आणि पुतणी सोळा वर्षांची. घराण्यात डोळ्यांचा आजार आहे, आजोबा आंधळे झाले, आता बापाचेही तेच चालले आहे, असे एकदा पंचक्रोशीत झाले की स्थळे कशी परत जातात हे मी पाहिले होते. सौभाग्यवती आणि मी ठरविले की मुलीचे लग्न होईपर्यंत हे दोघांतच ठेवायचे. बाटली देवघरातील खणात, समईच्या वातींच्या डब्यामागे असे. मुलांनी विचारले तर "डोळे कोरडे पडतात" असे सांगायचे.

लपविलेला आजार नीट सांभाळला जात नाही. पाहुणे आले की थेंब चुके. रुग्णालयात कोणी ओळखीचे भेटेल म्हणून मी तपासणीची तारीख टाळू लागलो. औषध घातल्याने काही बरे वाटत नाही आणि न घातल्याने काही वाईट वाटत नाही. अशा औषधाला टाळाटाळ करणे फार सोपे असते. सन २००१ च्या दिवाळीनंतर मी ते जवळजवळ सोडलेच होते. २००२ च्या उन्हाळ्यात या रुग्णालयाचे एक पोस्टकार्ड घरी आले. त्यावर छापील मजकुराखाली कोणीतरी शाईने लिहिले होते, "आपण दोन तारखांना आला नाहीत. कृपया यावे." उघडे कार्ड पोस्टमनने वाचले असेल म्हणून मी आधी संतापलो. चार दिवसांनी मुकाट्याने येथे आलो. दाब पुन्हा चढला होता आणि डाव्या डोळ्याचे पटल अर्ध्याहून अधिक गेले होते. ते पोस्टकार्ड आले नसते तर उजवाही त्याच वाटेने गेला असता, हे मला डॉक्टरांनी सांगितलेले नाही. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून स्वतः ताडले आहे.

जानेवारी २००३ मध्ये डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. आतील पाणी बाहेर पडण्यासाठी एक नवी वाट करून देतात. दाब १४ वर आला. आप्तेष्टांना, शाळेला आणि माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला आम्ही काय सांगितले? मोतीबिंदूचे ऑपरेशन. सर्वांना ते पटले. भाऊ गावाकडून शेंगा घेऊन भेटायला आला आणि म्हणाला, "दादा, मग आता लख्ख दिसत असंल." मी होय म्हणालो. त्याच वर्षी मे महिन्यात मुलीचे लग्न झाले.

लग्नानंतर सांगायचे ठरले होते. पण एकदा मोतीबिंदू म्हटल्यावर परत फिरणे अवघड जाते. पुतणीचे लग्न व्हायचे होते. असे करता करता २००६ उजाडले. तेव्हा मी भावाला खरे सांगितले आणि तपासणीला चल म्हटले. तो शेतकरी माणूस. म्हणाला, "मला हितनं वढ्यापल्याडचा बैल दिसतोय. मला काय धाड भरलीय?" त्याला काय उत्तर द्यावे? मलाही घड्याळाचे काटे दिसतच होते. तीन वर्षे तो आला नाही. २००९ मध्ये बांधावरून जाताना बाजूच्या विहिरीचा काठ त्याला दिसला नाही. नशिबाने पाणी होते आणि पोहता येत होते. त्यानंतर आणला. उजव्या डोळ्यात केवळ उजेड-अंधार कळण्याइतकी दृष्टी उरली होती. डावा डोळा आज शाबूत आहे, थेंबांवर आहे.

१९९९ ते २००९ ही दहा वर्षे. त्यांतली शेवटची तीन त्याच्या हट्टाची, पण आधीची सात माझी आहेत. त्याने मला कधी दोष दिलेला नाही. व्याह्यांना मी पुढे सर्व सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "मग थेंब वेळेवर घालता ना?" ज्यांच्या भीतीने सात वर्षे घालविली, त्यांचा प्रश्न हा निघाला.

नोकरीच्या बाबतीत मी भाग्यवान ठरलो. २००४ मध्ये मी स्कूटर सोडली. शाळेच्या वळणावर डावीकडून सायकलवर आलेला मुलगा मला तो आरसा घासून गेल्यावरच दिसला; दोघेही बचावलो. मी तशीच गाडी ढकलत घरी आणली. दुसऱ्या महिन्यात सौभाग्यवतींनी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी दुचाकी शिकायला घेतली. पुढे सात वर्षे, मी निवृत्त होईपर्यंत, त्यांनी मला शाळेत सोडले आणि आणले. गावात पुष्कळ टिंगल झाली. ती त्यांच्यापेक्षा मला अधिक लागली, हेही कबूल करतो. मुख्याध्यापकांना खरे सांगितल्यावर त्यांनी माझे वर्ग तळमजल्यावर घेतले, सहलीची आणि मैदानाची जबाबदारी काढली. फळ्यावर मी उजवीकडून लिहिलेले मुलांना चालत असे. डावीकडच्या रांगेतील मुलांना मी सांगितले, "हात वर करू नका, आवाज द्या."

सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून शासकीय कर्मचाऱ्याला काढता येत नाही वा त्याचा हुद्दा उतरविता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. १९९५ च्या कायद्यात हे होते आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे. मला ते ठाऊक नव्हते. कळले असते तर इतका लपलो नसतो. परंतु येथील बाकावर बसून मी अशी माणसे पाहिली आहेत ज्यांना कोणताच कायदा पुरत नाही. एक रिक्षाचालक माझ्या शेजारी बसत. ते परवाना टिकविण्यासाठी गप्प होते, आणि गप्प राहिल्याने दुसऱ्यांचा जीव धोक्यात आहे हेही जाणून होते. त्यांनी मला "गुरुजी, तुम्हीच सांगा" असे विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते. काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही म्हणून रंगीत कपडेच शिवायला घेणारे एक शिंपी होते. चुलीच्या कडेला हात भाजतो म्हणून सासूकडून धांदरट ठरलेली एक भगिनी होती. तिच्या सासूबाईंना तपासणीच्या खोलीत बोलावून डॉक्टरांनी तो काळ्या डागांचा कागद दाखविला. बाईंनी तो कागद मागून घेतला, घरी इतरांना दाखवायला.

आता थेंबांविषयी. रोजचे सरासरी चार थेंब धरले तर वर्षाला १,४६० आणि सव्वीस वर्षांत सुमारे अडतीस हजार होतात. यांपैकी निम्म्याहून अधिक सौभाग्यवतींनी घातले आहेत, कारण माझा हात हलतो आणि थेंब गालावर पडतो. गालावर पडलेला थेंब महिनाअखेरीस जाणवतो. बाटली चार दिवस आधी संपते. एका औषधानंतर दुसरे घालायचे तर पाच मिनिटे थांबावे लागते, नाहीतर दुसरे पहिल्याला धुऊन नेते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा, म्हणजे औषध घशात आणि अंगात कमी उतरते. हे सांगतो कारण मला पहिली चार वर्षे हे कळले नव्हते. आणखी एक. आपली बाटली दुसऱ्याला देऊ नका. माझ्या पहिल्या औषधाने दमेकऱ्याचा श्वास अडकू शकतो, आणि आमच्या शेजारचे दमेकरी गृहस्थ "डोळे चुरचुरतात, दोन थेंब द्या" म्हणून आले होते. तसेच लाल डोळ्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर त्यानेच दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. रात्री घालायच्या नव्या औषधाने माझ्या पापण्यांचे केस लांब आणि काळेभोर झाले. या वयात एवढे एक सौंदर्य पदरात पडले आहे, असे नातवंडे म्हणतात.

या सेवेची एक बाजू मात्र हसण्यासारखी नाही. सौभाग्यवती कित्येक वर्षे मुलीकडे सलग चार रात्री राहिल्या नव्हत्या. माहेरी आई आजारी असताना त्या सकाळी जाऊन संध्याकाळच्या थेंबाला परत येत. मी कधी त्यांना "राहा" म्हणालो नाही. माझ्या ते ध्यानातच आले नाही. २०१६ मध्ये त्या पडल्या, खुब्याचे हाड मोडले, तीन आठवडे त्यांचा मुक्काम दुसऱ्या रुग्णालयात होता. पहिल्या रात्री मी बाटली हातात घेऊन बसलो. मुलगा रुग्णालयात. सुनेला सासऱ्याची मान धरून डोळ्यात थेंब घालायचा संकोच. शेवटी नऊ वर्षांचा नातू खुर्चीवर चढला, म्हणाला, "आजोबा, वर बघा." त्याचा एकही थेंब गालावर पडला नाही. आता घरातील चौघांनाही ते येते, आणि मागच्या वर्षी सौभाग्यवती मुलीकडे पंधरा दिवस राहून आल्या. हे २००३ मध्येही करता आले असते.

विश्वस्तांच्या आणि देणगीदारांच्या समोर उभा आहे म्हणून एक गोष्ट धीटपणे बोलतो. मी आपले अहवाल दर वर्षी वाचतो; पूर्वी स्वतः वाचे, आता नातू वाचून दाखवितो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा आकडा पहिल्या पानावर असतो आणि तो असावाच. १९७६ पासून देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे, त्याचेही बळ मुख्यतः मोतीबिंदूवर राहिले, कारण तेथे दृष्टी परत देता येते. शिबिराची गाडी गावात परत येते तेव्हा उतरणारी माणसे हसत असतात, त्यांची छायाचित्रे निघतात. काचबिंदूचा रुग्ण त्याच गाडीतून एक छोटी बाटली घेऊन, होता तसाच उतरतो. वीस वर्षांनी त्याला तितकेच दिसत राहिले, तर ती या संस्थेची केवढी मोठी कामगिरी आहे! पण तिचा आकडा अहवालाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. जे झाले नाही ते मोजणार कसे?

भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. खेड्यांतून झालेल्या पाहण्यांत असे आढळले की ज्यांना हा आजार होता त्यांतील दहापैकी नऊ जणांना त्याची कल्पनाच नव्हती. औषधे पूर्वीपेक्षा चांगली आहेत. इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, प्रारंभीच लेसर उपचार केलेल्या डोळ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश डोळे तीन वर्षांनंतरही थेंबांवाचून ताब्यात होते. माझ्या वेळी हे नव्हते. माझ्या मुलाच्या वेळी आहे. त्याचा दाब थोडा वरच्या बाजूला आहे, नस चांगली आहे, तो दर सहा महिन्यांनी येतो आणि कोणापासून लपवीत नाही. पण उपचार कितीही पुढे गेले तरी माणूस तारखेला आला पाहिजे.

म्हणून माझी मागणी लहान आहे. मला कोनशिलेवर नाव नको. निवृत्तीनंतर शिकवण्यांतून साठविलेली थोडी रक्कम मी आज कार्यालयात जमा केली आहे. तिच्यातून, आणि आपल्यापैकी कोणाला भर घालाविशी वाटल्यास त्यातून, दोन कामे व्हावीत. एक, ज्यांना महिन्याची बाटली परवडत नाही त्यांना ती मिळावी. शस्त्रक्रियेसाठी देणगी देणारे पुष्कळ आहेत, पण बाटली दर महिन्याला संपते. दुसरे, एक टेबल, एक दूरध्वनी आणि अर्धवेळ एक माणूस. जो रुग्ण तारखेला आला नाही त्याला त्याने विचारावे, "आपण का आला नाहीत?" आणि जो नव्याने आला त्याला विचारावे, "आपल्याला भाऊ-बहीण किती? त्यांना केव्हा आणता?" हा दुसरा प्रश्न एकदा विचारून थांबू नये. मला तो एकदाच विचारला होता आणि मी हो म्हणून सात वर्षे गप्प बसलो.

भाऊ आज सभागृहात आहे. खांबाजवळ, तिसऱ्या रांगेत. मला तो येथून दिसत नाही, पण तिथे बसविल्याचे सौभाग्यवतींनी सांगितले आहे. आम्ही दोघे आता तपासणीला एकत्रच येतो. बसमधून उतरताना तो माझ्या डाव्या बाजूला असतो, कारण त्याचा डावा डोळा चांगला आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलेत. आठ वाजत आले आहेत आणि सौभाग्यवती पिशवीतून बाटली काढताहेत. तेव्हा आता मला पायऱ्या उतरायला हात द्यावा.